चौकी आणि चौक: चार्ल्सटन-सव्हाना तुलनेची पार्श्वभूमी

अटलांटा, शार्लट किंवा रालेच्या मराठी घरांत लाँग वीकेंड जवळ आला की एक प्रश्न हमखास निघतो: चार्ल्सटनला जायचं की सव्हानाला? एक दक्षिण कॅरोलिनात, दुसरं जॉर्जियात, मधलं अंतर जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत चार्ल्सटनची वस्ती १,५०,२२७ आणि सव्हानाची १,४७,७८०. ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं स्पॅनिश मॉस दोन्हीकडे, कोळंबी आणि ग्रिट्स (शिजवलेल्या मक्याच्या कण्या) दोन्हीकडे. तरीही दोन्ही पाहून आलेल्या माणसाचं मत पक्कं झालेलं असतं. सव्हाना आवडलेला म्हणतो, तिकडे मोकळं वाटतं. चार्ल्सटनवाला म्हणतो, खरा रुबाब आमच्याकडे. दोघांचंही बरोबर आहे, आणि त्याची कारणं तीनशे-साडेतीनशे वर्षं मागे जातात.

चार्ल्सटन थोरलं. राजा दुसऱ्या चार्ल्सच्या नावानं १६७० मध्ये ते वसलं आणि दहा वर्षांनी ॲशली आणि कूपर या नद्यांमधल्या आजच्या जागी हललं. सुरुवातीच्या वसाहतवाल्यांत बरेच जण थेट इंग्लंडहून आले नव्हते, ते बार्बाडोसहून आले होते. त्या उसाच्या बेटावर जमीन संपत आली होती. येताना त्यांनी गुलाम आणले, आणि गुलामांना ताब्यात ठेवायचे कायदेही तिथूनच आणले. दलदलीत भात पिकायला लागला. त्यामागे पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या, भातशेती जाणणाऱ्या माणसांचं कसब आणि घाम होता. पुढे नीळ आली. १७०८ च्या सुमारास कॅरोलिनाच्या या वसाहतीत काळे लोक गोऱ्यांपेक्षा जास्त झाले होते. उन्हाळ्यात मळ्यांवर हिवताप माजला की मालक मंडळी समुद्राच्या वाऱ्याला शहरात येऊन राहत. १७९० च्या पहिल्या जनगणनेत चार्ल्सटन अमेरिकेतलं चौथं मोठं शहर होतं, दक्षिणेतलं पहिलं.

हा पैसा घरांत दिसतो. तिथल्या ‘सिंगल हाउस’ची अरुंद बाजू रस्त्याकडे असते आणि लांबलचक ओसरी कडेला, बागेकडे तोंड करून. रस्त्यावरचं दार उघडलं की आपण घरात नाही, त्या ओसरीवर पोचतो. म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याला दिसते भिंत, लोखंडी फाटक आणि फटीतून थोडीशी हिरवळ. चार्ल्सटनमध्ये फिरणं म्हणजे बरंचसं दुसऱ्याच्या फाटकातून डोकावणं. काहींना यात मजा वाटते, काहींना परकेपणा.

सव्हानाचा जन्म या श्रीमंत शेजाऱ्याच्या भीतीतून झाला. दक्षिणेला फ्लोरिडात स्पॅनिश सत्ता होती आणि कॅरोलिनातून पळालेल्या गुलामांना तिथे आसरा मिळत होता. मध्ये एक पहाऱ्याची चौकी हवी होती. लंडनमध्ये जेम्स ऑग्लथॉर्प आणि त्याच्या सहकारी विश्वस्तांच्या डोक्यात दुसरंच काही होतं: इंग्लंडमधल्या गरिबांना जमीन द्यायची, रेशीम आणि द्राक्षं पिकवायची, कुणाला फार मोठं होऊ द्यायचं नाही. १७३२ च्या राजाच्या सनदेनं दोन्ही हेतू जॉर्जिया या एका वसाहतीत आले. ऑग्लथॉर्पचं जहाज जानेवारी १७३३ मध्ये आधी लागलं ते चार्ल्सटनलाच. तिथून मदत मिळाली, आणि मार्गदर्शनाला कर्नल विल्यम बुल आला. १२ फेब्रुवारीला सव्हाना नदीकाठच्या यामाक्रॉ टेकाडावर तंबू पडले. तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख टोमोचिची यानं जागा दिली, तर क्रीक जमातीच्या आईच्या पोटी जन्मलेली व्यापारी मेरी मसग्रोव्ह दुभाषी झाली. सव्हानाच्या मध्यातून जाणारा मुख्य रस्ता आजही बुल स्ट्रीट आहे. आपल्या सगळ्यात सुंदर रस्त्याला चार्ल्सटनकडच्या माणसाचं नाव आहे, हे सव्हानाचे अभिमानी सहसा आपणहून सांगत नाहीत.

शहराचा आराखडा मात्र चार्ल्सटनशी कुठेच जुळत नाही. प्रत्येक वस्तीच्या मधोमध मोकळा चौक, उत्तर-दक्षिणेला दहा-दहा घरांचे चार गट, पूर्व-पश्चिमेला चर्च, बाजार अशा सार्वजनिक कामांसाठी चार मोठे भूखंड. लोक वाढले की शेजारी आणखी एक तशीच वस्ती आखायची. असं करत १८५० च्या दशकापर्यंत चौकांची संख्या २४ वर गेली, त्यातले २२ उरलेत. हिरवळ इथे कुणाच्या फाटकामागे नाही, ती रस्त्याच्या मधे आहे. दर दोन-तीन मिनिटांवर सावली आणि बाक. लहान मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर हा आराखडा किती मोलाचा, ते दुपारी दीडच्या उन्हात कळतं.

१७३५ मध्ये जॉर्जियानं गुलामगिरीवर बंदी घातली. गाइड लोक हे अभिमानानं सांगतात, पण त्यात माणुसकीइतकाच पहाऱ्याचा हिशेब होता. ज्या वसाहतीत एकही गुलाम नाही, तिथून फ्लोरिडाकडे जाणारा काळा माणूस लगेच ओळखू येतो. १७३९ मध्ये चार्ल्सटनजवळ स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, तेही फ्लोरिडाच्याच दिशेनं निघाले होते. पण नदीपलीकडचे कॅरोलिनाचे भातमळे सोनं पिकवत असताना अलीकडे रेशमाचे किडे पाळत बसायला कोण तयार होणार? १७५१ ला बंदी उठली, कॅरोलिनाचे मळेवाले गुलामांसह उतरले, आणि निराळेपणाचा प्रयोग वीस वर्षांच्या आत आटोपला. आराखडा तेवढा राहिला.

पुढचं शतक सरळसरळ स्पर्धेचं. जॉर्जियाच्या आतल्या भागातला कापूस सव्हाना नदीतून सव्हाना बंदरात उतरायचा. तो आपल्याकडे ओढायला चार्ल्सटनच्या व्यापाऱ्यांनी नदीकाठच्या हॅम्बर्गपर्यंत २२० किलोमीटरची रेल्वे टाकली. १८३३ मध्ये ती जगातली सर्वांत लांब होती. सव्हानानं त्याच वर्षी आपली कंपनी काढली आणि १८४३ पर्यंत जॉर्जियातलं मेकन गाठलं. त्या कंपनीच्या कार्यशाळा आता संग्रहालय आहेत, इंजिनं फिरवायच्या चकतीसकट. पर्यटक ते टाळून थेट नदीकाठच्या मिठाईच्या दुकानांकडे वळतात, याचं मला नवल वाटतं.

एप्रिल १८६१ मध्ये चार्ल्सटन बंदरातल्या फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि उत्तर-दक्षिणेची यादवी पेटली. उत्तरेच्या आरमारानं किनारा अडवला. एप्रिल १८६२ मध्ये सव्हाना नदीच्या मुखावरचा फोर्ट पुलास्की पडला आणि सव्हानाचं तोंड बंद झालं. चार्ल्सटनमधून चोरून जहाजं निघत राहिली. इथे आपला धागा जुळतो. अमेरिकेचा कापूस थांबल्यावर लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा माजला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले.

डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा जनरल शर्मन सव्हानाच्या वेशीवर आला. संरक्षक फौज रात्रीतून नदीपार निघून गेली, २१ तारखेला महापौरानं शहर न लढता स्वाधीन केलं, आणि शर्मननं अध्यक्ष लिंकनना नाताळची भेट म्हणून ते तारेनं कळवलं. ‘इतकं सुंदर शहर जाळवलं नाही’ ही कथा ऐकायला छान, पण शरण आलेलं चालू बंदर कोण जाळेल? तिथूनच १६ जानेवारी १८६५ ला त्यानं हुकूम काढला: चार्ल्सटनपासून दक्षिणेकडची बेटं आणि किनाऱ्याची भातजमीन मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांना, प्रत्येकी ४० एकरांपर्यंत. त्याआधी चार दिवस त्यानं वीस काळ्या धर्मगुरूंशी चर्चा केली होती. ते घर मॅडिसन चौकात बघता येतं. वर्ष संपायच्या आत अध्यक्ष जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली.

चार्ल्सटनच्या नशिबी १८६१ ची आग, दीड वर्षाचा तोफमारा आणि १८८६ चा भूकंप आला. जुन्या भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात. भूकंपानंतर घरं आवळून धरायला आरपार घातलेल्या सळयांची ती टोकं. नंतर आलं दारिद्र्य, आणि मला वाटतं, दोन्ही शहरं पर्यटकांसाठी शिल्लक राहिली ती त्याच्यामुळे. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. चार्ल्सटननं हे आधी ओळखलं: १९२० मध्ये वारसा जपणारी संस्था, १९३१ मध्ये देशातला पहिला ऐतिहासिक वस्तीचा कायदा. फोटोंत मिरवणाऱ्या रेनबो रो या रंगीत घरांच्या ओळीचे रंगही त्या दशकातलेच. सव्हानाला जाग उशिरा आली. महामार्गासाठी चौक गेले, १९५४ मध्ये बाजाराची जुनी इमारत पाडून तिथे वाहनतळ झाला. पुढच्या वर्षी डेव्हनपोर्ट हाउस या जुन्या घरावर पाळी येताच सात बायकांनी पैसे जमवून ते वाचवलं. तो बाजाराचा एलिस चौक २०१० मध्ये परत मोकळा झाला.

१९७७ मध्ये चार्ल्सटननं स्पोलेटो हा संगीत-नाट्य महोत्सव आणला, पुढच्या वर्षी सव्हानात कला महाविद्यालय स्थापन झालं आणि ओस पडलेल्या इमारतींत वर्ग भरू लागले. एकीकडची ऐट आणि दुसरीकडची जरा विस्कटलेली तरुणाई इथून अधिकच ठळक झाली. सव्हानाच्या जुन्या भागात प्लास्टिकच्या पेल्यात बिअर घेऊन रस्त्यानं चालता येतं; चार्ल्सटनला हे रुचत नाही.

गुलामगिरीबद्दल दोन्ही शहरं फार उशिरा बोलायला लागली. चार्ल्सटननं २०१८ मध्ये माफी मागितली. २०१५ मध्ये तिथल्या इमॅन्युएल चर्चमध्ये नऊ काळ्या भाविकांची हत्या झाली होती. ज्या गॅड्सडेन धक्क्यावर हजारो आफ्रिकी माणसं उतरवली गेली, तिथे जून २०२३ मध्ये आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय उघडलं. गुलामगिरीचा कैवारी जॉन कॅलहूनचा पुतळा चार्ल्सटननं २०२० मध्ये उतरवला. सव्हानानं त्याच्या नावाचा चौक २०२३ मध्ये सुझी किंग टेलर या गुलामीत जन्मलेल्या शिक्षिकेच्या नावे केला.

माझं मत विचाराल तर एकच दिवस हातात असेल तर सव्हाना, तीन असतील तर चार्ल्सटन. संग्रहालय आणि फोर्ट सम्टरची बोट यांनाच दीड दिवस जातो. आणि एक व्यवहाराची गोष्ट. ऑग्लथॉर्पचं टेकाड नदीपासून सुमारे ४० फूट उंच आहे. चार्ल्सटन मात्र सखल द्वीपकल्पावर, त्यातला बराच भाग खाड्या बुजवून केलेला. मोठ्या भरतीला, पाऊस नसतानाही, तिथल्या काही रस्त्यांवर पाणी चढतं. हॉटेल ठरवण्याआधी त्या दिवसांचं भरतीचं वेळापत्रक बघा, आणि गाडी सखल गल्लीत लावू नका.