गिट : निरनिराळ्या संगणकप्रणालींवरील स्थापना

गिट हे फायलींमधील बदलांचा इतिहास जपणारे मुक्तस्रोत व्हर्जन कंट्रोल सॉफ्टवेअर आहे. लिनक्स कर्नलचे काम बिटकीपर या खासगी मालकीच्या प्रणालीवर चालत असे. तिचा फुकट वापर बंद झाल्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले. त्याच वर्षीच्या जुलैपासून त्याची देखभाल ज्युनियो हमानो यांच्याकडे आहे. गिटचा जन्म लिनक्सवर झाला हे स्थापनेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. युनिक्सची शेल (कमांड घेऊन चालवणारा कार्यक्रम), ओळ संपवण्याची युनिक्सची रीत आणि फाइलनावातील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद या गोष्टी त्याने गृहीत धरल्या आहेत. म्हणून लिनक्सवर ते एका कमांडने बसते, मॅकवर थोडी जुळवाजुळव लागते, आणि विंडोजवर ते स्वतःबरोबर एक छोटेसे युनिक्सच घेऊन येते. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या फरकात आहे.

या नोंदीत कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टाइप करायच्या असतात.

काहीही इन्स्टॉल करण्याआधी टर्मिनलमध्ये ‘गिट --व्हर्जन’ द्यावे. क्रमांक आला तर गिट आधीच आहे, आणि ते पुरेसे नवे आहे का एवढेच पाहायचे उरते. उदाहरणार्थ, ‘गिट स्विच’ ही कमांड २.२३ मध्ये (ऑगस्ट २०१९), तर नव्या रेपोच्या (इतिहासासह जपलेल्या प्रकल्प-फोल्डरच्या) पहिल्या शाखेचे नाव ठरवणारी ‘इनिट.डिफॉल्टब्रँच’ ही सेटिंग २.२८ मध्ये (जुलै २०२०) आली. सेंटओएस ७ बरोबर १.८.३.१ येत असे. अशा जुन्या सर्व्हरवर आजची शिकवणी पाहून काम करणाऱ्याला पावलोपावली ‘अशी कमांड नाही’ हेच उत्तर मिळते.

लिनक्स

डेबियन, उबुंटू आणि मिंट यांवर आधी ‘सुडो अ‍ॅप्ट अपडेट’, मग ‘सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल गिट’. पहिली पायरी गाळली तर पॅकेजांची यादी शिळी राहते आणि सर्व्हरवरून फाइल सापडत नसल्याची ४०४ ही चूक येते. फेडोरावर ‘डीएनएफ’, आर्चवर ‘पॅकमन -एस’, ओपनसुसेवर ‘झिपर’, अल्पाइनवर ‘एपीके अ‍ॅड’. पॅकेजचे नाव सगळीकडे ‘गिट’ हेच. ‘गिट-ऑल’ या पॅकेजच्या मोहात पडू नये. त्यात सर्व्हरचे आणि जुन्या प्रणालींशी जोडणारे असे बरेच भाग येतात, आणि रोजच्या कामात त्यांतले जवळजवळ काहीच लागत नाही. इतिहास चित्ररूपात दाखवणारे ‘गिटके’ हवे असेल तर त्या नावाचे पॅकेज वेगळे घ्यावे.

दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांमध्ये गिट जुने असते. उबुंटू २२.०४ मध्ये २.३४.१ आहे. नवे हवे असल्यास उबुंटूसाठी ‘गिट-कोअर’ या नावाचा पीपीए (उबुंटूच्या मूळ यादीबाहेरील पॅकेजांचा साठा) जोडता येतो. स्रोतापासून बांधण्याची गरज क्वचितच पडते. ती पडलीच तर झेडलिब, कर्ल, एक्सपॅट आणि ओपनएसएसएल यांची ‘-डेव्ह’ पॅकेजे आणि गेटटेक्स्ट आधी बसवावीत. कर्लचे हेडर (बांधणीला लागणाऱ्या फाइली) नसताना आधी ‘कॉन्फिगर’ चालवले तर बांधणी पूर्ण होते, कुठेही थांबत नाही. पण तयार झालेल्या गिटला एचटीटीपीएस येत नाही, आणि पहिल्या क्लोनच्या (दुसरीकडील रेपोची प्रत उतरवण्याच्या) वेळी ‘एचटीटीपीएससाठी रिमोट हेल्पर सापडत नाही’ असा संदेश दिसतो. दोष नेटवर्कचा समजून लोक तासन्‌तास प्रॉक्सी तपासत बसतात. ‘कॉन्फिगर’ न चालवता थेट ‘मेक’ दिले आणि ‘प्रिफिक्स’ (इन्स्टॉल करायची जागा) दिला नाही तर गिट वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधील ‘बिन’मध्ये जाते. तो द्यायचा तर ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ या दोन्ही वेळी एकसारखाच द्यावा लागतो.

मॅक

मॅकवर ‘/युएसआर/बिन/गिट’ ही फाइल पहिल्यापासून असते, पण ते खरे गिट नव्हे. ती फक्त अ‍ॅपलच्या कमांड लाइन टूल्सकडे बोट दाखवते. ती टूल्स ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ने बसतात. त्यासाठी संपूर्ण एक्सकोड उतरवून कित्येक जीबी खर्च करण्याचे कारण नाही. मॅकओएसचे मोठे अपडेट झाल्यावर काल चालणारे गिट आज ‘एक्सकरन’ची चूक दाखवते आणि ‘इनव्हॅलिड अ‍ॅक्टिव्ह डेव्हलपर पाथ’ असे सांगते. रेपोला काहीही झालेले नसते. अपडेटनंतर टूल्स जागेवर राहिलेली नसतात, एवढेच. वरची कमांड पुन्हा द्यावी.

अ‍ॅपलचे गिट मूळ आवृत्तीच्या मागे असते. नवे हवे असेल तर होमब्रूमधून (मॅकवर पॅकेजे बसवणारे सॉफ्टवेअर) ‘ब्रू इन्स्टॉल गिट’. आता संगणकावर दोन गिट झाली, आणि कोणते चालेल हे पाथमधील (कमांड ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्यांच्या यादीतील) क्रम ठरवतो. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर होमब्रू ‘/ऑप्ट/होमब्रू’मध्ये बसते, इंटेलच्या मॅकवर ‘/युएसआर/लोकल’मध्ये. ‘व्हिच -ए गिट’ दिल्यावर दोन्ही जागा क्रमाने दिसतात. ‘गिट --व्हर्जन’च्या उत्तरात ‘अ‍ॅपल गिट’ हे शब्द अजून येत असतील तर जुनेच चालू आहे. होमब्रूने शेवटी सांगितलेली ‘शेलएन्व्ह’ची ओळ ‘.झेडप्रोफाइल’मध्ये घातली नसल्याचे ते लक्षण आहे. ती घालून नवी टर्मिनल खिडकी उघडावी.

विंडोज

विंडोजसाठी ‘गिट फॉर विंडोज’ वापरावे. ‘विनगेट इन्स्टॉल --आयडी गिट.गिट’ ही कमांड चालते, किंवा इन्स्टॉलर उतरवून घेता येतो. यात गिटबरोबर बॅश (एक शेल), एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणारे अवजार) आणि युनिक्सची छोटी अवजारे येतात. विंडोज ७ आणि ८ वर २.४६ ही शेवटची चालणारी मालिका. ज्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत असे संगणक अजून आहेत तिथे ताजा इन्स्टॉलर नेऊन उपयोग नाही. अ‍ॅडमिनचे अधिकार नसतील तर पोर्टेबल आवृत्ती एखाद्या फोल्डरमध्ये उलगडून चालवता येते.

इन्स्टॉलर एकामागून एक बरेच प्रश्न विचारतो. बहुतेकांना ‘नेक्स्ट’ दाबून चालते, तीन ठिकाणी मात्र थांबावे.

पहिले ठिकाण संपादकाचे. आपोआप निवडलेला विम असतो. ज्याने विम कधी पाहिला नाही तो पहिल्या कमिटच्या, म्हणजे बदलांची इतिहासात नोंद करण्याच्या, वेळी त्यात अडकतो (सुटका : एस्केप, मग ‘:डब्ल्यूक्यू’, मग एंटर). इथे नोटपॅड किंवा आपल्या सवयीचा संपादक निवडावा. नोटपॅडने विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हे मूळ एन्कोडिंग धरले. त्याआधीच्या नोटपॅडमध्ये मराठीत लिहिलेला मजकूर एन्कोडिंग न बदलता साठवला तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात.

दुसरे ठिकाण पाथचे. मधला पर्याय घ्यावा, म्हणजे गिट कमांड प्रॉम्प्ट आणि पॉवरशेल या दोन्हींतून चालते. तिसऱ्या पर्यायात युनिक्सची सगळी अवजारे पाथमध्ये जातात आणि विंडोजच्या ‘फाइंड’ व ‘सॉर्ट’ला झाकून टाकतात. मग ऑफिसातील एखादी जुनी बॅच फाइल अचानक बंद पडते, आणि तिचा गिटशी संबंध असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. इन्स्टॉल झाल्यावर आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनाच पाथ धरून बसते. ‘गिट ओळखता येत नाही’ असा संदेश आल्यास आधी ती बंद करून नवी उघडावी.

तिसरे ठिकाण ओळींच्या शेवटाचे. तो प्रश्न एका संगणकापुरता नसून रेपो वापरणाऱ्या सर्वांचा आहे.

ओळीचा शेवट

युनिक्समध्ये ओळ एका बाइटने संपते, विंडोजमध्ये दोन बाइटांनी. गिट फाइलच्या मजकुरावरून हॅश (ओळख पटवणारा आकडा) काढते, त्यामुळे प्रत्येक ओळीत न दिसणारा एक बाइट वाढला तर त्याच्या लेखी अख्खी फाइल बदललेली असते. पाचशे ओळींच्या फाइलमध्ये एक शब्द सुधारला आणि फरकात पाचशे ओळी लाल, पाचशे हिरव्या दिसल्या, तर कारण हेच समजावे. उलट दिशेने, विंडोजवर तयार झालेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणते आणि बॅशच्या नावापुढे ‘^एम’ दाखवते. तो जास्तीचा बाइट नावाचाच भाग समजला गेलेला असतो.

इन्स्टॉलरचा मूळ पर्याय फाइल बाहेर काढताना दोन बाइट घालतो आणि कमिट करताना एकच ठेवतो (‘कोअर.ऑटोसीआरएलएफ ट्रू’). मॅक व लिनक्सवर ‘इनपुट’ ठेवले तरी चालते. पण प्रत्येकाच्या इन्स्टॉलेशनवर विसंबणे हा कच्चा उपाय आहे, कारण नवा माणूस आला की पुन्हा तोच गोंधळ. पक्का उपाय रेपोतच ठेवता येतो. मुळाशी ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ नावाची फाइल करून तिच्यात ‘* टेक्स्ट=ऑटो’ आणि खाली ‘*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ’ लिहावे. या फाइलचा शब्द प्रत्येकाच्या वैयक्तिक सेटिंगपेक्षा वरचढ ठरतो. आधीच बिघडलेल्या रेपोत त्यानंतर ‘गिट अ‍ॅड --रिनॉर्मलाइझ .’ देऊन एकच स्वतंत्र कमिट करावे. त्यात दुसरा कोणताही बदल मिसळू नये, नाहीतर कोणी काय सुधारले हे पुढे शोधता येत नाही.

फाइलनावे आणि देवनागरी

मॅक आणि विंडोज या दोघांवर ‘रिपोर्ट’ हे नाव मोठ्या आर ने लिहिले काय नि छोट्या आर ने लिहिले काय, फाइल सहसा एकच. लिनक्सवर त्या दोन फाइली. लिनक्सवरून आलेल्या रेपोत अशी जोडी असेल तर क्लोन करताना गिट नावे आदळल्याचा इशारा देते आणि दोनपैकी एकच फाइल दिसते. विंडोजला नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि तारकाचिन्ह चालत नाही. म्हणून लिनक्सवर वेळेसाठी ‘१०:३०’ असे नाव दिलेली फाइल विंडोजवर उतरतच नाही. शिवाय विंडोजवर संपूर्ण मार्गाची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे. फोल्डरांत फोल्डर असलेल्या प्रकल्पात ‘फाइलनेम टू लाँग’ आले तर ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.लाँगपाथ्स ट्रू’ द्यावे.

मराठी नावांच्या फाइली गिट नीट सांभाळते, पण दाखवताना घाबरवते. ‘गिट स्टेटस’मध्ये ‘क’ या एका अक्षराच्या जागी ‘\३४०\२४४\२२५’ असे काहीतरी येते. हे ‘क’च्या यूटीएफ-८ मधील तीन बाइटांचे अष्टमान रूप आहे. फाइल बिघडलेली नसते. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.क्वोटपाथ फॉल्स’ दिले की नाव देवनागरीत दिसू लागते. मराठीत काम करणाऱ्याने ही सेटिंग पहिल्याच दिवशी करावी. त्यानंतरही जोडाक्षरे सुटी दिसली तर तो टर्मिनलचा दोष. तो प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतो, आणि देवनागरी त्या चौकोनांत मावत नाही.

‘ऱ’चा मामला याहून नाजूक आहे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते : एकसंध ‘ऱ’, किंवा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता. मॅकची जुनी एचएफएस+ ही फाइलप्रणाली नावे फोडून दुसऱ्या रूपात ठेवत असे. लिनक्स मात्र दोन्ही रूपांना वेगळी नावे मानते. परिणामी एकच ‘दऱ्या’ गिटला एकदा गहाळ आणि एकदा नवी वाटे. ‘कोअर.प्रीकंपोझयुनिकोड’ ही सेटिंग यासाठीच आहे. मॅकवर रेपो तयार करताना गिट ती सहसा स्वतःच लावते, आणि जुन्या रेपोत ती हाताने ‘ट्रू’ करता येते.

फाइलच्या आतील मजकूर यूटीएफ-८ मध्ये असावा. यूटीएफ-१६ मधील फाइल गिटला बायनरी वाटते आणि ओळीनिहाय फरक दिसत नाही. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुराचा फरक दिसतो खरा, पण रोमन अक्षरांच्या अर्थहीन ओळींच्या रूपात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणूनच रेपोत टाकावा.

ओळख, परवानगी आणि मालकी

इन्स्टॉल झाल्यावर ‘युजर.नेम’ आणि ‘युजर.ईमेल’ या दोन गोष्टी ‘--ग्लोबल’ने भराव्यात. त्या प्रत्येक कमिटमध्ये कायमच्या कोरल्या जातात. अनेकजण वापरत असलेल्या संगणकावर मात्र ‘--ग्लोबल’ गाळून रेपोपुरत्या भराव्यात, नाहीतर एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर चढते. कोणती सेटिंग कुठून आली हे ‘गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन’ सांगते.

रेपो ठेवण्याची वेबसेवा असलेल्या गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेणे थांबवले. आता टोकन (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त अक्षरमाला) किंवा एसएसएच की (खासगी आणि जाहीर अशा किल्ल्यांची जोडी) लागते. टोकन जपून ठेवण्याची सोय विंडोजवर इन्स्टॉलरबरोबर येणाऱ्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये आहे, मॅकवर कीचेनमध्ये. लिनक्सवर अनेकजण सोपे म्हणून ‘स्टोअर’ हा मार्ग निवडतात. तो टोकन साध्या मजकुरात लिहून ठेवतो, त्यामुळे सामायिक संगणकावर वापरू नये. एसएसएच की ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ने तयार होते. खासगी की दुसऱ्या संगणकावरून आणली असेल तर तिची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करावी, कारण ती मोकळी दिसली तर एसएसएच तिला हात लावत नाही.

ऑफिसचे नेटवर्क स्वतःचे प्रमाणपत्र मध्ये घालत असेल तर विंडोजवर ‘एचटीटीपी.एसएसएलबॅकएंड’ला ‘एसचॅनल’ द्यावे, म्हणजे विंडोजला ठाऊक असलेली प्रमाणपत्रे गिटही मानते. ‘एसएसएलव्हेरिफाय फॉल्स’ हा सर्वत्र सुचवला जाणारा तोडगा समोरच्या सर्व्हरची ओळख पटवणेच बंद करतो. तो स्वीकारू नये.

विंडोजमधील लिनक्स उपप्रणालीत, म्हणजे डब्ल्यूएसएलमध्ये, गिट वेगळे इन्स्टॉल करावे लागते. रेपो लिनक्सच्या बाजूलाच ठेवावा. ‘/एमएनटी/सी’खालील रेपोत काम हळू चालते, आणि काहीही न बदलता सगळ्या फाइली बदललेल्या दिसू शकतात, कारण दोन्हीकडील परवानग्यांचे आकडे जुळत नाहीत. त्या रेपोपुरते ‘कोअर.फाइलमोड फॉल्स’ केल्यावर यादी रिकामी होते.

एप्रिल २०२२ मधील २.३५.२ पासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमधील रेपो उघडायला नकार देते आणि ‘ड्यूबियस ओनरशिप’ म्हणते. अनोळखी रेपोतील सेटिंगमधून भलतीच कमांड चालू नये हा हेतू. विंडोजवर पेनड्राइव्हमधील रेपोत हे सहसा येते, कारण एक्सफॅट ही फाइलप्रणाली मालकाची नोंदच ठेवत नाही. संदेशात छापून आलेली ‘सेफ.डिरेक्टरी’ची ओळ त्या एका फोल्डरसाठी जशीच्या तशी द्यावी. तिथे तारकाचिन्ह घातले तर प्रत्येक फोल्डरसाठी ही तपासणी बंद होते.