अभाव आणि शून्यता

अभाव आणि शून्यता : ‘नसणे’ म्हणजे काय, ते कळते कसे आणि वास्तवात त्याला काही स्थान आहे का, याविषयीचा तत्त्वचिंतनातील विचार. पूर्वेला शून्य मानवते आणि पश्चिमेला ते खुपते, ही सर्रास केली जाणारी विभागणी मूळ ग्रंथांपुढे टिकत नाही. ऋग्वेदातील नासदीय सूक्त (१०.१२९) आरंभी सत्‌ही नव्हते आणि असत्‌ही नव्हते असे म्हणते, पण छांदोग्योपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, विचारतो, असत्‌पासून सत् जन्मेल तरी कसे? इ.स.पू. पाचव्या शतकातील ग्रीक विचारवंत पार्मेनिडीसचे मत याच्या जवळचे आहे : जे नाही त्याचा विचारही करता येत नाही.

या विषयाची सर्वांत बारकाईने चिकित्सा न्याय आणि वैशेषिक या भारतीय दर्शनांच्या अनुयायांनी केली. द्रव्य, गुण इत्यादी सहा पदार्थांना (वास्तवाच्या मूलभूत प्रकारांना) त्यांनी पुढे अभाव हा सातवा पदार्थ जोडला. घडा घडण्यापूर्वी त्याचा प्रागभाव असतो, फुटल्यावर प्रध्वंसाभाव. वायूला रूप कधीच नसते, हा अत्यंताभाव. आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे, हा अन्योन्याभाव. ‘सोफिस्ट’ या संवादात प्लेटोने ‘नसणे’ म्हणजे ‘वेगळे असणे’ असा जो उलगडा केला, तो या शेवटच्या प्रकाराशी बराच जुळतो.

‘जमिनीवर घडा नाही’ हे कळते कसे, यावर मोठा वाद झाला. नैयायिकांच्या (न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या) मते हा अभाव डोळ्यांनीच दिसतो. मात्र ‘घडा असता तर दिसला असता’ ही अट पुरी व्हावी लागते. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून तो नाही असे ठरत नाही. मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेने यासाठी अनुपलब्धी (न आढळणे) हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. दुसरे मीमांसक प्रभाकर यांच्या अनुयायांनी अभाव हा वेगळा पदार्थच नाकारला : रिकामी जमीन दिसते, एवढेच. ‘बीइंग अँड नथिंगनेस’ (१९४३) या ग्रंथात फ्रेंच तत्त्ववेत्ता सार्त्रने असाच प्रसंग घेतला आहे. कॅफेत पिएरला शोधणाऱ्याला तो तिथे नसल्याचे जाणवते. सार्त्रच्या लेखी हे ‘नसणे’ माणसाच्या अपेक्षेमुळे जगात येते. नैयायिकाच्या लेखी ते त्या जागीच असते.

बौद्ध तत्त्ववेत्ता नागार्जुनाची (इ.स. सुमारे दुसरे शतक) शून्यता मात्र अभाव नव्हे. वस्तू कारणांवर अवलंबून उपजतात, म्हणून त्यांना स्वतःचा स्वभाव (स्वयंसिद्ध, स्वतंत्र स्वरूप) नसतो, इतकेच तिचे म्हणणे. शून्यतेलाच तत्त्व मानून बसणाऱ्यांना त्याने असाध्य ठरवले आहे, आणि चुकीची आकळलेली शून्यता ही चुकीच्या रीतीने धरलेल्या सापासारखी घातक ठरते, असा इशाराही दिला आहे. तरीही तिच्यावर सर्वनाशवादाचा, म्हणजे काहीच नाही असे मानण्याचा, आरोप होत राहिला. तो अन्यायाचा आहे. विसाव्या शतकात जपानमधील क्योतो या तत्त्वचिंतक संप्रदायातील निशितानी केइजी याने हीच शून्यता आधुनिक युरोपीय निरर्थतावादावरील (कशालाच अर्थ नाही या मतावरील) उत्तर म्हणून मांडली. तो जर्मनीत फ्रायबुर्गला तत्त्ववेत्ता हायडेगरच्या व्याख्यानांना बसलेला होता.

हायडेगरने १९२९ च्या व्याख्यानात चिंतेच्या अनुभवात ‘काहीच नाही’ प्रकट होते असे म्हटले, तेव्हा तर्कनिष्ठ तत्त्ववेत्ता कार्नापने हे विधान व्याकरणाच्या गोंधळातून उपजलेले आणि निरर्थक ठरवले.

‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे?’ हा जर्मन तत्त्ववेत्ता लायप्निट्सचा १७१४ मधील प्रश्न. न्यायदर्शनाच्या चौकटीत तो नीट मांडताच येत नाही. कारण अभाव नेहमी कशाचा तरी आणि कुठे तरी असतो, सरसकट सगळ्याचा नसतो. फ्रेंच तत्त्ववेत्ता बेर्गसाँनेही १९०७ मध्ये, अगदी निराळ्या वाटेने, संपूर्ण शून्याची कल्पना आभासी असल्याचे प्रतिपादन केले.