निर्दोष सुटलेल्यांचा डीएनए कोणाचा? वादाची पार्श्वभूमी

डीएनए तपासाच्या पहिल्याच प्रकरणात गुन्हेगाराआधी एक निरपराध सापडला. १९८६ साली इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये खुनाची कबुली देऊन बसलेला १७ वर्षांचा मुलगा या चाचणीमुळे सुटला. मग आसपासच्या गावांतल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले गेले. सगळे म्हणे स्वेच्छेने. पण नकार देणाऱ्यावरच संशय येणार, हे सर्वांना ठाऊक होते. खऱ्या खुन्याने स्वतःच्या जागी सहकाऱ्याला पाठवले होते आणि ते बिंग बोलण्यातून फुटले. तंत्राच्या कौतुकात हा तपशील सहसा गळतो.

१९९५ मध्ये तिथे राष्ट्रीय डीएनए साठा सुरू झाला. निर्दोष सुटलेल्यांचे नमुने नष्ट करायचे, असा तेव्हा नियम होता. मात्र एका बलात्काराच्या आणि एका खुनाच्या खटल्यात आरोपीचा संबंध जुळला तो नष्ट व्हायला हव्या असलेल्या नमुन्यावरून. खटले अडचणीत आले, तेव्हा २००१ मध्ये नियमच बदलला: एकदा घेतलेला नमुना कायम ठेवता येईल.

त्याच वर्षी ११ वर्षांचा एक मुलगा जबरी चोरीच्या प्रयत्नाच्या आरोपातून निर्दोष सुटला, आणि एका प्रौढावरचा खटला मागे घेतला गेला. दोघांनी नमुने नष्ट करण्याची मागणी केली. देशातल्या न्यायाधीशांनी ती २००४ पर्यंत फेटाळत नेली. त्यांना हा हस्तक्षेप किरकोळ वाटला. डिसेंबर २००८ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयातल्या १७ न्यायाधीशांनी एकमताने उलट निकाल दिला. वय, गुन्ह्याचे गांभीर्य, निकाल काहीच न पाहता बेमुदत साठवण हा खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे, असे त्यांनी म्हटले. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये निर्दोषांचे नमुने फक्त गंभीर गुन्ह्यांत आणि तेही मर्यादित काळच ठेवले जात. त्यामुळे ‘याशिवाय तपासच होणार नाही’ या सरकारी युक्तिवादातली हवा गेली. ‘काही केलेच नाही, तर घाबरता कशाला?’ हा प्रश्नही मुळात उलटा आहे: कारण सरकारने सांगायचे असते. २०१२ च्या कायद्याने निर्दोषांच्या बहुतेक नोंदी काढायला लावल्या.

पुढे वाद सरकारी साठ्याबाहेर गेला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला जुना मालिका खुनी सापडला तो वंशावळ शोधण्याच्या खुल्या संकेतस्थळावरच्या दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएमुळे. त्या नातेवाइकांना कोणी विचारले नव्हते. २०१९ मध्ये त्या संकेतस्थळाने पोलिसांच्या शोधासाठी सभासदांची स्पष्ट संमती सक्तीची केली. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या न्यायाधीशाने संमती न दिलेल्यांच्या नोंदीही तपासू देणारे वॉरंट काढले.