टॅपेट गप्प झाले की स्कूटर बंद पडते

सकाळी पहिल्या किकला सुरू होणारी स्कूटर अर्ध्या तासाने सिग्नलला थांबली की थरथरते आणि बंद पडते. रेस धरून ठेवली तर चालते, सोडली की विझते. मग कार्बुरेटर साफ होतो, प्लग बदलला जातो, पेट्रोलला दोष दिला जातो आणि शेवटी स्लो रेसचा स्क्रू आवळून गाडी कशीबशी रस्त्यावर आणली जाते. इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट ठरवणाऱ्या टॅपेटकडे कुणी पाहत नाही, कारण ते वाजत नसतात. खरे तर गाडी फक्त गरम झाल्यावर बंद पडत असेल आणि टॅपेटचा जराही आवाज नसेल, तर पहिला संशय तिथेच घ्यायला हवा.

जुन्या टू-स्ट्रोक बजाज चेतकला ही भानगडच नव्हती. त्यात वायू आत-बाहेर जायचे ते सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांतून, आणि त्यांची उघडझाप पिस्टनच करायचा. आजच्या १०० ते १२५ सीसीच्या फोर-स्ट्रोक स्कूटरमध्ये हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागात, दोन व्हॉल्व्ह असतात. इनटेकमधून हवा-पेट्रोल आत येते, एक्झॉस्टमधून धूर बाहेर जातो. कॅम (उंचवटा असलेला फिरता दांडा) फिरला की रॉकर (झुलती पट्टी) झुकतो आणि व्हॉल्व्हला खाली दाबून उघडतो. मिटवण्याचे काम स्प्रिंगचे. रॉकरच्या टोकाला एक स्क्रू आणि त्यावर चेक नट असतो. स्क्रूचे टोक आणि व्हॉल्व्हच्या दांडीचे टोक यांच्यात, व्हॉल्व्ह मिटलेला असताना, मुद्दाम थोडी फट सोडलेली असते. हीच टॅपेट गॅप.

फट का सोडायची? स्टीलची १०० मिमी लांबीची काडी १०० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे ०.१२ मिमी वाढते. ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट वाढते, त्यामुळे हेडही फुगते आणि थोडी भरपाई होते. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थेट जळत्या वायूत उभा असतो, हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि लांबतो. त्याला लांबायला जागा नसेल तर त्याचे टोक रॉकरला टेकते आणि तोंड सीटवरून (मिटल्यावर व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यावरून) किंचित उचललेलेच राहते. बहुतेक लहान स्कूटरचे माप थंड इंजिनवर ०.०५ ते ०.२० मिमीच्या दरम्यान असते. ०.१० मिमी म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. इनटेक आणि एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो.

आता हा दोष स्लो रेसवरच का दिसतो ते पाहू. मिनिटाला १,७०० फेऱ्यांवर एका कॉम्प्रेशन स्ट्रोकला (पिस्टन वर येऊन मिश्रण दाबतो ती चाल) साधारण १८ मिलिसेकंद लागतात, तर ६,००० फेऱ्यांवर फक्त ५. म्हणजे अर्धवट मिटलेल्या व्हॉल्व्हमधून दाब निसटायला स्लो रेसवर साडेतीनपट वेळ मिळतो. शिवाय थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये मिश्रण मुळातच थोडे येते. त्यातले काही निसटले की उरलेले नीट पेटत नाही. भरीला, फट कमी झाली की व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो आणि जळालेला वायू उलटा आत शिरून ताज्या मिश्रणात मिसळतो. रेस दिली की हे सगळे झाकले जाते, म्हणून चालवताना गाडी ‘ठीक’ वाटते.

फट आपोआप कमी कशी होते, हा प्रश्न अनेकांना पडतो. झिजेने फट वाढायला हवी ना? कॅम, रॉकर आणि स्क्रूचे टोक झिजले तर वाढतेच. पण ५,००० फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला अडीच हजार वेळा सीटवर आपटतो. सीट आणि व्हॉल्व्हचे तोंड झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आणखी वर बसू लागतो आणि त्याची दांडी रॉकरच्या दिशेने सरकते. एक्झॉस्टच्या बाजूला बहुधा हीच झीज जिंकते, आणि ती आवाज न करता जिंकते. सैल टॅपेट टकटक करतो, थोडी ताकद कमी करतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला असतो. टाइट टॅपेट गप्प असतो आणि व्हॉल्व्ह जाळतो, कारण व्हॉल्व्हच्या तोंडाची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. म्हणून ‘आवाज येतोय, टॅपेट टाइट करून द्या’ असे मेकॅनिकला कधीही सांगू नये. ‘गेज लावून सेट करा’ असे सांगावे. किंचित टिकटिक ही चांगली खूण आहे.

काम घरी करता येते. इंजिन पूर्ण थंड हवे, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. दोन तास थांबून भागत नाही. फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पाती), हेड कव्हरच्या बोल्टसाठी ८ किंवा १० चा पाना, चेक नटसाठी (पुष्कळ गाड्यांत ९ चा) रिंग पाना, चौकोनी टोकाचा स्क्रू धरायला टॅपेटची चावी किंवा लहान पक्कड, आणि प्लगचा पाना एवढे लागते. सीटखालची डिक्की काढली की हेड दिसते. प्लग काढून ठेवला की इंजिन हाताने सहज फिरते.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. पंख्याचे कव्हर काढून मॅग्नेट (पंख्यामागचे फिरते चाक) किक मारल्यावर फिरतो त्याच दिशेने फिरवा आणि त्यावरची ‘टी’ खूण केसिंगवरच्या खुणेसमोर आणा. जवळच ‘एफ’ खूण असते, ती स्पार्कची. तिला फसू नका. ‘टी’ जुळली म्हणजे पिस्टन वर आहे, पण तो चार स्ट्रोकमध्ये दोनदा वर येतो. दोन्ही रॉकर बोटाने हलवून पाहा. दोन्हींत हलकी खुळखुळ असेल तर हा कॉम्प्रेशनचा माथा. ताठ असतील तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरी फिरवा आणि पुन्हा पाहा. फट पूर्ण मेलेल्या टॅपेटमध्ये मात्र योग्य जागीही खुळखुळ नसते. अशा वेळी कॅमच्या चाकावरच्या खुणा बघून खात्री करावी. चुकीच्या माथ्यावर दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. तिथे सेटिंग केले तर खरी फट प्रचंड होते आणि गाडी सुरू करताच खडखडाट ऐकू येतो. मॅग्नेट उलटा फिरवू नये. काही इंजिनांत किक हलकी व्हावी म्हणून कॅमवर डिकॉम्प्रेसर असतो आणि उलट फिरवल्यास तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरतो. मग माप खोटे येते.

आधी जुनी फट मोजून लिहून ठेवा. मग चेक नट अर्धा फेरा सैल करा, गेजची पात आत सरकवा आणि पात ओढताना हलकी अडकण जाणवेपर्यंत स्क्रू फिरवा. स्क्रूचा आटा अर्ध्या मिमीचा असेल तर ०.१ मिमीसाठी फक्त एक पंचमांश फेरा पुरतो, इतके हे नाजूक आहे. स्क्रू जागीच धरून नट आवळा, साधारण ७ ते १० न्यूटन-मीटर. मनगटाचा जोर पुरे, अंगाचा नको. नट आवळताना आट्यातली ढील निघून फट हमखास बदलते, म्हणून पुन्हा मोजायचेच. माप ०.१० असेल तर ०.०८ ची पात सहज जावी आणि ०.१२ ची जाऊ नये. हातांना अडकणीचा अंदाज नसेल तर ही दोन पातींची चाचणी जास्त भरवशाची.

एक फसवणूक लक्षात ठेवा. स्क्रूच्या टोकाला खड्डा पडला असेल तर सपाट पात त्याच्या कडांवर टेकते आणि फट आहे त्यापेक्षा कमी दाखवते. माप बरोबर असूनही टॅपेट वाजत असेल तर स्क्रू काढून टोक पाहा. खड्डा असेल तर बदला.

कव्हरचे रबर चपटे झाले असेल तर नवे घाला, नाहीतर तेल गरम इंजिनवर ठिबकते. बोल्ट आडवे-तिरपे, थोडे थोडे आवळा. आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत. प्लग आधी हाताने लावा.

गाडी गरम करून आता स्लो रेस पुन्हा लावावी लागेल, कारण आधी कुणीतरी दोष झाकायला ती वाढवलेली असते. तरीही बंद पडत असेल तर कार्बुरेटरचे स्लो जेट, इनटेकच्या रबराला पडलेली चीर आणि एअर फिल्टर तपासा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (प्रदूषणाचे मानक) स्कूटरमध्ये कार्बुरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे. ज्या गाड्यांत स्लो रेसची हवा संगणक स्वतः वाढवतो, तिथे टाइट टॅपेट अधिक काळ लपून राहतो.

लिहून ठेवलेली जुनी फट पुढच्या सर्व्हिसला उपयोगी पडते. दर वेळी एक्झॉस्टची फट थोडीशी मिटत असेल तर झीज नेहमीची आहे. काहीशे किलोमीटरमध्येच ती शून्यावर आली तर सीट खचते आहे. मग हेड उतरवायला सांगा, पोर्टमध्ये रॉकेल ओतून व्हॉल्व्हच्या कडेने ते पाझरते का ते पाहा. पाझरले तर व्हॉल्व्ह लॅपिंग (सीटवर घासून नीट बसवणे) किंवा नवा व्हॉल्व्ह आणि सीट, याला पर्याय नाही.