आयात दोष, आवृत्तीभेदजन्य (पायथन)

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एका आवृत्तीसाठी लिहिलेले किंवा बसवलेले मॉड्यूल (पुन्हा वापरता येणारा कोडचा भाग) दुसऱ्या आवृत्तीच्या इंटरप्रिटरने (कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) मागवले, म्हणजे आयात केले, असता उद्भवणारा दोष. पडद्यावर ‘इम्पोर्टएरर’ किंवा ३.६ पासून (२०१६) त्याचाच उपप्रकार असलेला ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ दिसतो.

दोषाचा उगम बहुधा ३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या पायथन ३.० मध्ये शोधला जातो. त्या आवृत्तीने जुन्या प्रोग्रॅमशी सुसंगती जाणूनबुजून सोडली, वेबपत्ते उघडणारे ‘यूआरएललिब२’ मॉड्यूल विभागले गेले आणि कित्येक मॉड्यूलांची नावे बदलली. मात्र मूळ त्याहून जुने मानणे अधिक सयुक्तिक ठरते. इंटरप्रिटर संकलित बाइटकोडच्या (मूळ कोडचे चालवायला तयार रूप) ‘पीवायसी’ फाइलच्या आरंभी आवृत्तीचा ओळखअंक, म्हणजे ‘मॅजिक नंबर’, लिहितो (२.७ साठी ६२२११, ३.८ साठी ३४१३) आणि ही पद्धत ३.० पूर्वीपासूनची आहे. अंकाला लागून कॅरेज रिटर्न व लाइनफीड हे दोन बाइट असतात. फाइल चुकून मजकूर म्हणून पाठवली गेली तर ते बदलतात आणि बिघाड तिथेच कळतो. अंक जुळला नाही तरी मूळ कोडची ‘पीवाय’ फाइल शेजारी असल्यास इंटरप्रिटर निमूटपणे पुन्हा संकलन करतो. ती नसेल तरच ‘बॅड मॅजिक नंबर’ असा संदेश येतो. एकाच फोल्डरवर दोन आवृत्त्या चालवल्या की एकीने लिहिलेली फाइल दुसरी पुसून टाकी. ३.२ पासून (२०११) ‘पायकॅश’ उपफोल्डरात आवृत्तीनिहाय नावाने वेगळ्या फाइली ठेवल्या जातात. सी या भाषेत लिहिलेल्या जोड-मॉड्यूलांना हा उपाय लागू नाही. ती सहसा ज्या आवृत्तीसाठी बांधली त्याच आवृत्तीत चालतात. स्थिर बायनरी इंटरफेस (आवृत्तीगणिक न बदलणारी जोडणी) वापरून बांधलेली तेवढी अपवाद.

पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी दोष मागे पडला नाही, कारण नव्या आवृत्त्यांतूनही मॉड्यूले वगळली जातात: ३.१२ मधून पॅकेज बांधण्यासाठीचे ‘डिस्टयुटिल्स’ (२०२३), ३.१३ मधून ‘सीजीआय’ (२०२४). समजा, फोंड्यातील कॉलेजच्या लॅबमध्ये ३.८ आहे आणि विद्यार्थिनीच्या डिचोलीच्या घरी लॅपटॉपवर ३.१२. ‘डिस्टयुटिल्स’ मागवणारा प्रकल्प लॅबमध्ये सुरळीत चालेल आणि घरी पहिल्याच ओळीवर अडेल. ‘सेटअपटूल्स’ हे पॅकेज बसवल्यास त्यातली प्रत हाती येते. पण ती तात्पुरती सोय समजावी.

निदानात संदेशातील मॉड्यूलच्या नावापेक्षा तो कोणत्या इंटरप्रिटरने दिला, हे आधी पाहावे. ‘सिस’ मॉड्यूलमधील ‘एक्झिक्युटेबल’, ‘व्हर्जन’ व ‘पाथ’ ही मूल्ये छापली की बहुतेक वेळा उलगडा होतो: ‘पिप’ या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने पॅकेज एका आवृत्तीच्या ‘साइट-पॅकेजेस’ फोल्डरात टाकलेले असते आणि प्रोग्रॅम दुसरीच आवृत्ती चालवत असते. म्हणून ‘पिप’ सुटे न चालवता त्याच इंटरप्रिटरला ‘-एम पिप’ जोडून चालवावे. पॅकेज पुन:पुन्हा बसवत राहण्यात वेळ जातो, दोष तसाच राहतो. प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र ‘व्हीएन्व्ह’ (स्वतःची पॅकेजे असलेला वेगळा कप्पा, ३.३ पासून) देणे हा खात्रीचा मार्ग, सामायिक लॅबमध्ये तर तो अनिवार्यच मानावा. डेबियन १२ सारख्या लिनक्स प्रणाली तर आपल्या पायथनमध्ये ‘पिप’ला सहसा पॅकेज बसवूच देत नाहीत.

देवनागरी चलनामे पायथन ३ ला चालतात, त्यामुळे मराठी-कोकणी नावांचा कोड गोव्यातील विद्यार्थ्यांना लिहिता येतो. तसे मॉड्यूल पायथन २ ने मागवल्यास येणारा ‘सिंटॅक्सएरर’ मात्र प्रस्तुत दोषात मोडत नाही.