दाताची बाज

भाऊबीजेला ताईकडे अमळनेरला गेलो, तर भाचीच्या दातांवर नव्या तारा आणि घरात त्यावरून धुसफूस. ताईच्या सासूबाईंचं एकच टुमणं: "दात ढिला व्हई जातीन ना माय!" भाची म्हणाली, "मामा, आजीला तूच सांग." मी सांगायला लागलो आणि आजी मध्येच उठून वाती वळायला गेल्या. उरलेलं इथे लिहितो.

आजींचं निरीक्षण खोटं नाही. तारा असेपर्यंत दात थोडे हलतातच. पण ते कमजोर झाले म्हणून नव्हे.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर फट असते आणि तिच्यात तंतू ताणलेले असतात. दोरीनं विणलेली बाज डोळ्यांसमोर आणा. चौकट म्हणजे हाड, दोऱ्या म्हणजे तंतू, आणि वर निजलेला तो दात. तार दाताला ढकलते तेव्हा पुढचे तंतू दबतात, तिथला रक्तप्रवाह कमी होतो. दबलेल्या पेशी रँकल नावाचं प्रथिन बनवतात. त्या निरोपावर ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड खाणाऱ्या पेशी तयार होतात आणि आम्ल सोडून हाड विरघळवतात. मागच्या बाजूला तंतू ताणले जातात, तिथे ऑस्टिओब्लास्ट नवं हाड भरतात. नदी वळणावर एक काठ खाते, समोरच्या काठाला गाळ घालते आणि काही वर्षांनी पात्रच सरकलेलं दिसतं, तसं. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी १९०४ च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.

वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर. मग जोर वाढवला तर? उलटंच होतं. दाब जास्त झाला की रक्त पार थांबतं, पेशी मरतात, तो भाग काचेसारखा दिसू लागतो. हाड खाणाऱ्या पेशींना मग मागून, हाडाच्या आतून पोखरत यावं लागतं. तोवर दात अडून बसतो, आणि मूळ झिजण्याची भीती वाढते. म्हणून एका दाताला जोर लावायचा तो बहुधा ५० ते १०० ग्रॅमचा, म्हणजे आपल्या रावेरच्या एका केळ्याच्या वजनाहून कमी! इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताला, हे तंतूच नसतात. त्याला कितीही तारा लावा, ढिम्म हलत नाही.

फायदे सगळ्यांना ठाऊक आहेत: ब्रश सगळीकडे पोचतो, चावणं सुधारतं, पुढे आलेले दात पडल्या-झडल्यावर तुटायची शक्यता कमी होते. मात्र ब्रश नीट केला नाही तर तारांभोवती दातांवर पांढरे डाग पडतात. फुटाणे आणि दातानं ऊस सोलणं बंद, दातावर चिकटवलेला, तार धरणारा ब्रॅकेट निखळतो. एक्स-रे न काढता दात सरळ करायचे साचे घरपोच पाठवणाऱ्या जाहिराती मोबाईलवर दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

भाचीचा पहिला दात वरचा आला तेव्हा "मामाला भारी" म्हणून मला बरेच दिवस तिचं तोंड पाहू दिलं नव्हतं. मी ठणठणीत आहे. भारी पडतंय ते तारांचं बिल, आणि तेही तिच्या बापाला.

तारा निघाल्या तरी हिरड्यांतले ताणलेले तंतू वर्षभर दाताला जुन्या जागी ओढत राहतात. म्हणून रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन. हे ऐकून भाचीचा चेहरा पडला. "म्हणजे तारा काढल्यावरही काहीतरी घालायचंच?" आतून आजींचा आवाज आला, "मी काय म्हनत होती!"