क्लॅम्प मीटरवरचा पीक वेगळा, बिलातली एमडी वेगळी

एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या शेडवाल्यांचा फोन आला, म्हणे कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) ७५ केव्हीए (लोड मोजायचं एकक) आणि बिलात रेकॉर्डेड ८० आलीय, ती मोठी मोटरच खातेय बघा, चालू करताना क्लॅम्प मीटरचा (वायरला चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं यंत्र) आकडा सहापट उडतो. सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू चालू करणारं उपकरण) आणायलाच निघाले होते. म्हटलं, साहेब जरा थांबा.

क्लॅम्प मीटर दाखवतो तो त्या क्षणाचा करंट. बिलातली मॅक्झिमम डिमांड (एमडी) म्हणजे क्षण नाहीच, ती सरासरी असते, ३० मिनिटांची (काही ठिकाणी १५ ची), आणि महिन्याभरातल्या अशा सगळ्या सरासऱ्यांतली सगळ्यात मोठी तेवढी बिलावर चढते. आता मोटर समजा २० केव्हीएची, स्टार्टला १० सेकंद १२० खाल्ले, म्हणजे जास्तीचे १००, पण ते १८०० सेकंदांत पसरले की उरतो जेमतेम अर्धा केव्हीए. सॉफ्ट स्टार्टर बेल्ट-गिअरला झटका बसू नये म्हणून जरूर लावा, पण डिमांड कमी होईल म्हणून नको.

मग ८० आले कुठून? मीटरचा लोड सर्व्हे (अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ब्लॉकमधल्या लोडची नोंद) काढला तर आकडा सकाळी साडेआठ ते नऊच्या ब्लॉकमधला. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, त्या दिवशी आल्या आल्या भट्टी, कंप्रेसर सगळं एकदमच टाकलं की. पहिली १५ मिनिटं १००, भट्टी तापली की ६०, सरासरी बरोब्बर ८०. महिन्यातली ती एकच सकाळ, पण वरच्या ५ केव्हीएला दीडपट दर लागला.

आता यात एक गंमत आहे. हाच १०० चा लोड पावणेनऊ ते सव्वानऊ असा अर्धा तास चालला, मागेपुढे ६०, तर ठरलेल्या ब्लॉकच्या (साडेआठ ते नऊ, नऊ ते साडेनऊ अशा) मीटरला तो दोन ब्लॉकमध्ये वाटला जातो आणि दोन्हीकडे ८० च दिसतात. पण मीटर स्लायडिंग विंडोचं (सरकत्या ३० मिनिटांची सरासरी घेणारं) असेल तर सरळ १०० पकडतं. म्हणून आपलं मीटर कुठल्या पद्धतीचं ते आधी विचारून घ्या.

आणि कपॅसिटर बघा हो! ६० किलोवॅटला पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी खरं काम करणारा वाटा, कपॅसिटर तो वर ठेवतो) ०.९६ असेल तर ६२.५ केव्हीए, ०.८ वर घसरला की तेच ७५, एकही मशीन न वाढवता.

त्यांची भट्टी आता आठलाच लागते, कंप्रेसर ती तापल्यावर.